साडेसोळा मिलिमीटर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आईने कुणालाही न विचारता बाबांच्या जुन्या मित्राला, टर्नरकाकांना, बोलावून टाकलंय! रविवार, तेवीस तारीख, सकाळी दहा वाजता.

चष्म्याच्या दुकानात भेटले म्हणे. महिनाअखेर लेकीकडे चाललेत, समुद्रापलीकडे, कायमचे. घर आवरून झालं, लेथ विकून झाला. आई म्हणाली, "अकरा वर्षं झाली, आता पुरे करा दोघं. जायच्या आधी तुमचं ते इंजिन घेऊन या." ते म्हणाले, "रूळ जोडलेले असतील तर येतो वहिनी. नुसता चहा प्यायला नाही येणार."

जेवताना तिने बाबांना सांगितलं. बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. "चाकं सुधारलीत का त्याने?" एवढंच बोलले. म्हणजे नको म्हणाले नाहीत. आईने मला डोळा मारला. सत्तरीला आली बाई.

५ फेब्रुवारी, बुधवार

मागच्या खोलीची झाडझूड केली. टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यावर बाबांची रेल्वे. यातला एकही रूळ दुकानातला नाही. एकेक स्लीपर कापलेला, एकेक रूळ हाताने सोल्डर करून बसवलेला. स्टेशन, मग बोगदा, मग मोठं वळण. आणि वळणाच्या टोकाला, जिथे एका रस्त्याचे दोन व्हायला हवेत, तिथे वीतभर नुसतं प्लायवूड.

तिथे सांधा होता. अकरा वर्षांपूर्वी टर्नरकाकांचं इंजिन त्याच सांध्यावर घसरलं आणि टेबलावरून थेट फरशीवर. दोन वर्षं खपून स्वतःच्या लेथवर केलेलं इंजिन. बाबा खाली वाकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "चाकं चुकीची आहेत." लेथवर जन्म घालवलेल्या टर्नरला! काका म्हणाले, "आधी रूळ तपास." तर बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या — "तीस वर्षं लोकांचे काटे तपासलेत मी. मला माप शिकवू नकोस." वजनमापे निरीक्षक होते ना. काकांनी तुकडे गोळा केले आणि गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी बाबांनी सांधा उखडून कचऱ्यात टाकला. तेव्हापासून गाडी त्या भोकापर्यंत जाते आणि मागे येते. अकरा वर्षं आमच्या घरात गाडी मागे येतेय.

नवा सांधा कोण करणार? बाबांचे हात आता इतके थरथरतात की वरण चमच्यातून ताटात येतं. मी म्हटलं, मी करते.

"तू दात कर."

"दातच करते, बाबा. दिवसभर कवळ्या आणि कॅपा. दोन दाढांमधलं अंतर सांभाळते, दोन रुळांमधलं नाही का सांभाळता येणार?"

बाबांनी मग ड्रॉवर उघडून गेज माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा चौकोनी ठोकळा, बोटाच्या पेराएवढा. दोन रुळांच्या मधे तो उभा करायचा, रूळ दोन्ही बाजूंनी त्याला टेकवायचे आणि मग सोल्डर. "याच्या बाहेर केसभर नाही," म्हणाले. "आणि काम झालं की माझ्याकडे द्यायचा."

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. सकाळपासून कानस. क्रॉसिंगचं टोक करायचं म्हणजे दोन रूळ तिरपे घासून एकमेकांना असे मिळवायचे की सांधलेलं कळता कामा नये. माझी लॅबमधली कवायत कामाला आली. भिंग डोळ्याला, कोपरे टेबलाला टेकलेले, श्वास रोखून.

बाबा मागे स्टुलावर. पाठीला डोळे टोचत होते.

"आयर्न थंड आहे."

"गरम आहे."

"थंड आहे. सोल्डर बघ कसं गोळा होतंय. पसरलं पाहिजे." थोड्या वेळाने — "आता जास्त झालं. रूळ बसवतेयस, भिंत लिंपत नाहीयेस."

बरोबरच होतं त्यांचं. तेच जास्त चिडवतं. त्रेचाळीस वर्षांची झाले, तरी हा माणूस मागे बसला की मी पाचवीतली होते.

शेवटी गेज मागून घेतला. टेबलावर बारीक पॉलिश पेपर ठेवलेला असतो. त्यावर ठोकळ्याची एक बाजू घासली, मग दुसरी. मग मऊ फडक्याने पुसून ड्रॉवरमध्ये. "सोल्डरला लावायच्या फ्लक्सचा थर राहिला तर माप चुकतं," म्हणाले. घासताना हात जवळजवळ थरथरत नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

करंट दिला आणि ट्रान्सफॉर्मरने टपकन मान टाकली. शॉर्ट. स्लीपरवर तांब्याचा पातळ पत्रा असतो, तो मधोमध कापायचा, नाहीतर एका रुळाचा करंट दुसऱ्यात जातो. बत्तीस स्लीपर कापले, तेहतिसावा राहिला. कुठला? सगळे सारखेच दिसतात. तासभर शोधत होते. बाबा गालात हसत बसले होते, मग काडी बरोब्बर एकावर टेकवली. "पहिल्या मिनिटाला दिसला होता."

जीव घ्यावासा वाटला. पण हसले किती दिवसांनी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सरकत्या पात्या बसल्या. दोन्हीकडे नीट टेकतात. अंगठा भाजला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांधा पूर्ण. भोक भरलं.

बाबांनी त्यांचा आवडता मालडबा आणला. मी ढकलायचा, त्यांनी मोजायचा. पन्नासदा सरळ, पन्नासदा वळून. एकदाही घसरला नाही. बाबा म्हणाले, "येऊ दे त्याला."  आईने स्वयंपाकघरातून विचारलं, पास झाली का मुलगी? "बरी झाली," म्हणाले. त्यांचं बरी म्हणजे माझ्यासाठी पदक.

मग माझीच खोड नडली. लॅबमधून मी तो निळा कागद आणला होता. पेशंटला दाताखाली धरायला देतात तो. चावलं की जिथे जास्त दाब तिथे निळा डाग पडतो. म्हटलं चाकं कुठे टेकतात बघू. कागद रुळांवर धरला, काकांकडचीच एक जुनी चाकांची जोडी खोक्यात सापडली होती, ती त्यावरून फिरवली.

डाग रुळाच्या माथ्यावर यायला हवा. आला दोन्ही रुळांच्या आतल्या अंगाला. दोन्हीकडे, एकाच वेळी. दातांत असं दिसलं तर मी एक शब्द न बोलता कॅप परत घेते. घट्ट आहे म्हणून.

बाबांना काही बोलले नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेज पर्समध्ये घालून लॅबमध्ये नेला. न विचारता. व्हर्नियर कॅलिपर लावला. सोळा पूर्णांक शून्य आठ.

परत लावला. शून्य आठ. व्हर्नियर पुसला, शून्य केला, तिसऱ्यांदा लावला. तेच.

हवं साडेसोळा. बाबांच्या रेल्वेच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे — "गेज १६.५०. कार्यालयातील प्रमाण उपकरणावर स्वतः तपासला." बावीस वर्षांपूर्वीची तारीख. म्हणजे तेव्हा बरोबर होता. पितळ काय वितळलं? उंदराने खाल्लं?

संध्याकाळी गेज जागेवर ठेवायला गेले तर बाबा ड्रॉवर उघडून बसलेले.  "मीच घेतला होता," म्हटलं, "एक स्लीपर बघायचा होता." गेज घेतला. पॉलिश पेपरवर एक बाजू सहा वेळा घासली. मग दुसरी, सहा वेळा.

मी उभी राहून बघत होते. बावीस वर्षं. दर वेळी. दोन्ही बाजू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईबाबा पाच ते सहा फिरायला जातात. तेवढ्यात व्हर्नियर घेऊन टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूळ मोजत गेले. स्टेशनात साडेसोळा, अगदी टच्च. बोगद्यात सोळा चार. वळणाच्या सुरुवातीला सोळा तीन. वळण संपतं तिथे, सांध्याच्या अलीकडे, सोळा एक. माझा सांधा सोळा एकसुद्धा नाही. जसजसं बाबा बांधत गेले तसतसं माप झिजत गेलं. आणि दर वेळी त्यांनी तोच गेज लावून बघितला, आणि दर वेळी तो बरोबर बसला. बसणारच.

डब्यांचंही तेच. नंतर केलेल्या सगळ्यांची चाकं याच गेजवर बसवलेली, म्हणून त्यांचे डबे त्यांच्या रुळांवर सुरळीत जातात. बाहेरचं कुणी आलं की अडकतं.

टर्नरकाकांची चाकं बरोबर होती. अकरा वर्षं तो माणूस बरोबर होता, आणि आम्ही सगळे रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जात होतो. मीसुद्धा. स्टुलावर बसून रडले थोडी.

जेवताना धीर करून विचारलं — "बाबा, हा गेज नंतर कधी तपासलात का?"

"कशाला?"

"ऑफिसात दर वर्षी तपासायचात ना."

"ऑफिसात लोकांची मापं असायची," म्हणाले. "हे माझं आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्याले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस डोक्यात हेच. सांगितलं तर? हातांनी साथ सोडली, ऐकू कमी येतं, चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो. आता उरलंय काय, तर हे एक — आपलं माप चुकत नाही. ते मी काढून घेऊ? आणि नाही सांगितलं, तर रविवारी काकांचं इंजिन पुन्हा त्याच जागी पडणार. मग ते लेकीकडे निघून जाणार आणि विषय कायमचा संपला.

तिसरी वाट काढलीय. बरी आहे की वाईट कळत नाही.

आज लॅबमध्ये मेणाचा ठोकळा केला, बाबांच्या गेजसारखा, मुद्दाम थोडा जाड. कुणाच्यातरी खालच्या दाढेच्या कॅपसोबत एकाच साच्यात घालून मेणाच्या जागी धातू ओतला. पिवळट धातू आहे, पितळासारखाच दिसतो. मग घासत घासत साडेसोळावर आणला. कोपऱ्यावर बाबांच्या गेजला एक पोचा आहे, तसाच यालाही पाडला. घरी आल्या आल्या ड्रॉवरमध्ये अदलाबदल. जुना माझ्या कपाटात, मोज्यात गुंडाळून.

बाबांनी उभ्या आयुष्यात लोकांना खोटी मापं ठेवली म्हणून कोर्टात खेचलं. मी खरं माप चोरून ठेवलंय. हे कुठल्या कलमात बसतं कोण जाणे. 

१९ फेब्रुवारी, बुधवार

रोज एक तासच मिळतो. ते बाहेर पडले की आयर्न तापवायचा, स्लीपरवरचं सोल्डर मऊ करायचं, बाहेरचा रूळ केसभर सरकवायचा, नवा गेज मधे, धरून ठेवायचं, थंड होऊ द्यायचं. पुढचा स्लीपर. बाबांच्या हातचं काम उसवतेय मी. इतकं सुंदर काम! एक थेंब इकडचा तिकडे नाही. माझं सोल्डर त्याच्या शेजारी गावंढळ दिसतं. ते कानशीने साफ करण्यातच अर्धा वेळ जातो.

आज वीस मिनिटं आधी परतले. दार वाजलं तेव्हा आयर्न माझ्या हातात.

"वास कसला?" बाबा पॅसेजमधून.

"माझ्या कपड्यांना. लॅबचा."

"लॅबला फ्लक्सचा वास?"

"अहो, चपला काढा आधी," आई म्हणाली. "सगळी माती घरात आणलीत."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई काही विचारत नाही. आज साडेचारलाच चपला घालून उभी राहिली. "आज लांबून जाऊ," म्हणाली. दीड तास फिरवलं त्यांना. आल्यावर पाय धरून बसले होते बिचारे.

वळण आणि सांधा, दोन्ही झालं. साडेसोळा. निळा कागद लावला, डाग माथ्यावर. आता बाबांचा मालडबा ढकलला तर तो क्रॉसिंगजवळच्या जादा रुळाच्या तुकड्यावर चढला आणि कलंडला. साहजिक आहे. त्याची चाकं अरुंद, जुन्या गेजवरची. धाबं दणाणलं. संध्याकाळी बाबा याच डब्याने तपासणार! पकडीत धरून त्याची चाकं बाहेर ओढली. मग त्यांच्या इंजिनाचीही. एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं.

संध्याकाळी तपासणी. पुन्हा शंभरदा. पास.

मग त्यांनी गेज हातात घेतला. दोन बोटांत फिरवला. "आज जड लागतोय."

"हात, बाबा," मी म्हटलं. "तुमचे हात."

बाबांनी आपल्या बोटांकडे बघितलं आणि मान हलवली. असेल, म्हणाले.

हे मी काय बोलले! स्वतःची शरम वाटते. इतकी कधी वाटली नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आईने पडदे धुतले. बाबांनी दाढी केली, मी करून देते म्हटलं तर हाकललं. गालावर दोन ठिकाणी कापलं. दिवसभर एकच घोकणं — "आधी चाकं बघणार. चुकीची असली तर रुळावर लावूच देणार नाही."

आई म्हणाली, "पाहुण्याला आधी बसा तरी म्हणा."

काकांच्या इंजिनाची चाकं बरोबर आहेत, रूळ आता बरोबर आहेत. घसरायचं काही कारण नाही. दहा वेळा मनात म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

दहाला पाच कमी असताना आले. केवढे वाळलेत. शर्टात माणूस शोधावा लागतो. मला म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, अजून लोकांचे दात पाडता का?" मी पाडत नाही काका, बसवते — हे आमचं जुनंच. बरं वाटलं. बाबा खुर्चीतून उठले. "ये." "आलो." बस. अकरा वर्षांचं एवढंच.

मागच्या खोलीत काकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून इंजिन काढलं. पुन्हा जोडलेलं, पण कुठे जोडलंय ते दिसत नाही. बाबांनी हात पुढे केला. काकांनी इंजिन त्यांच्या हातावर ठेवलं आणि स्वतःचा तळवा खाली धरून राहिले, पडलं तर म्हणून. बाबांना ते कळलं. चाकांकडे त्यांनी नुसतं पाहिल्यासारखं केलं. एवढ्याशा फरकाचं डोळ्याने काय दिसणार? "लाव," म्हणाले.

स्टेशनातून निघालं. किती गोड आवाज आहे त्याचा. बोगद्यात शिरलं, बाहेर आलं. वळणही घेतलं. काका हसले. बाबांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती.

सांध्यावर आलं. पात्या ओलांडल्या. आणि क्रॉसिंगपाशी पुढचं चाक चढलं, इंजिन तिरकं झालं आणि आडवं पडलं. टेबलावरच. पण पडलं.

  असं व्हायला नकोच होतं. मी मोजलं होतं, तीन-तीनदा मोजलं होतं.

बाबांनी ड्रॉवर उघडला. गेज काढला, माझा गेज. वाकून, वेळ घेऊन, सांध्यावर बरोबर त्या जागी ठेवला. टच्च बसला. सरळ झाले आणि म्हणाले, "माप बरोबर आहे. चाकं चुकीची आहेत."

तेच शब्द. आणि या वेळी खरे.

काका खाली बघत होते. "हो," म्हणाले. "मी आत घेतलीत चाकं. तू मला कोळशाचा डबा दिला होतास ना, भांडणाच्या आदल्या वर्षी? त्याच्यावरून माप काढलं आणि तसं केलं. म्हटलं, जायच्या आधी एकदा तुझ्या रुळांवरून जाऊ दे. माझं खरं करून मला आता काय मिळायचंय?"

बाबा गेज हातात धरून तसेच उभे. "म्हणजे चुकीचीच," म्हणाले.

"हो रे. चुकीचीच."

दारात आई ट्रे घेऊन उभी होती. शब्द माझ्या अगदी जिभेवर होते. काका, तुमचं आधीचं बरोबर होतं, आमचं चुकीचं होतं, आता मी आमचं सुधारलं आणि तुम्ही तुमचं बिघडवलंत. एवढंच म्हणायचं होतं. बाबांच्या समोर नाही म्हणवलं. काकांनी इंजिन खोक्यात ठेवलं. अर्धा कप चहा प्याले. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सांधा सुरेख झालाय, पोरी." गुरुवारी सकाळी विमानतळाला निघणार आहेत ते.

भित्री आहे मी. दुसरा शब्द नाही.

दुपारी तीनला मोज्यातला गेज काढला, व्हर्नियर घेतला आणि बाबांच्या समोर ठेवला. सगळं सांगितलं. बाबा मग म्हणाले, "मोज." व्हर्नियर मी धरला, आकडा त्यांनी वाचला, भिंगातून. जुना. नवा. पुन्हा जुना.

"कशाने झालं?"

 पॉलिश पेपर टेबलावरच होता. त्यांची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

मग — "आणि तू माझ्या ड्रॉवरमध्ये खोटं माप ठेवलंस."

"खरं माप ठेवलं, बाबा."

"न सांगता ठेवलं की ते खोटंच. आणि वर मला म्हणालीस, हात." थांबले. "दोन्ही इथेच राहू दे. जा तू."

२४ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या खोलीचं दार आतून बंद. ताट आईने दाराशी ठेवलं, अर्धं खाऊन परत आलं. माझ्याशी बोलणं नाही. आईशीही नाही.

लॅबमध्ये एक पूर्ण कवळी उलटी लावली. अशी चूक माझ्या हातून वीस वर्षांत झाली नव्हती.

काकांना मीच फोन करून सांगावं का? तीनदा हातात घेतला आणि ठेवला. सांगायला तोंड माझं आहे, पण चूक माझी नाही. मी सांगितलं तर बाबांकडे काय उरेल? आणि गुरुवारपर्यंत ते नाहीच बोलले तर?

आईला विचारलं. ती भाजी चिरत होती. "मी अकरा वर्षं थांबले," म्हणाली. "तू तीन दिवस थांब."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बाबा बाहेर आले आणि सरळ फोनपाशी गेले. वही नाही, चष्मा नाही, नंबर तोंडपाठ. बोट थरथरून दोनदा चुकला. मी पुढे झाले तर हातानेच थांबवलं. तिसऱ्यांदा लागला.

"चाकं परत बाहेर घे," म्हणाले. "आणि उद्या ये. रूळ बरोबर आहेत."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. बाबा खाली बसले.

"नाही," म्हणाले. "तेव्हा नव्हते."